मागील बारा महिने: सरकत्या कालखंडाचा इतिहास

विक्री, नफा, महसूल यांतल्या प्रत्येक आकड्याला दोन तारखा चिकटलेल्या असतात: कधीपासून आणि कधीपर्यंत. या तारखा ठरवण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत दोन्ही तारखा आधीच बांधलेल्या असतात. १ एप्रिल ते ३१ मार्च हे आर्थिक वर्ष तिचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. दुसऱ्या रीतीत फक्त कालखंडाची लांबी ठरलेली असते. त्याची दोन्ही टोके दर महिन्याला, दर आठवड्याला किंवा रोज पुढे सरकतात. ‘मागील बारा महिने’, ‘गेले ९० दिवस’, ‘शेवटच्या चार तिमाह्या’ हे असे सरकते कालखंड. आज ते एक्सेलच्या तक्त्यात आणि डॅशबोर्डवर क्षणात मिळतात, पण आर्थिक अहवालात त्यांचा वापर स्प्रेडशीटच्या सुमारे दीडशे वर्षे आधी सुरू झाला. पुढच्या टोकाला नवा आकडा आत येतो तेव्हाच मागच्या टोकाचा जुना आकडा बाहेर पडतो. या पद्धतीत झालेले बहुतेक घोटाळे त्या मागच्या टोकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे झाले आहेत.

सरकता कालखंड का लागला हे समजायला बांधलेल्या वर्षाची अडचण आधी पाहावी लागते. वर्ष कोठे सुरू करायचे हे माणसेच ठरवतात, आणि प्रत्येकाने ते आपापल्या सोयीने ठरवले आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांतला शुहूर सन मृगापासून, म्हणजे पावसाच्या तोंडावर बदलत असे. शेतसाऱ्याच्या हिशेबाला तेच सोयीचे होते. पश्चिम भारतातल्या अनेक पेढ्यांवर कार्तिक शुद्ध प्रतिपदेला नवी वही सुरू होई. ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचे आर्थिक वर्ष १८६६ पर्यंत १ मे ते ३० एप्रिल होते. ब्रिटनच्या सरकारी वर्षाशी मेळ बसावा म्हणून १८६७ पासून ते १ एप्रिल ते ३१ मार्च झाले. एल. के. झा समितीने १९८०च्या दशकात जानेवारी ते डिसेंबर असे वर्ष सुचवले, पण सरकारने ते स्वीकारले नाही. व्यापाऱ्यांना मात्र बराच काळ मोकळीक होती. दिवाळी ते दिवाळी वर्ष धरून आयकर भरणाऱ्या पेढ्या १९८०च्या दशकापर्यंत होत्या. १ एप्रिल १९८९ पासून आयकरासाठी सगळ्यांना एकच एप्रिल-मार्च वर्ष लागू झाले.

वर्ष कोठेही तोडले तरी कोणता तरी हंगाम मधोमध चिरला जातो. महाराष्ट्रातला साखर कारखाना घ्या. साखरेचे वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर. गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालते. ३१ मार्चला ताळेबंद होतो तेव्हा ऊसतोडणी-वाहतुकीचा बहुतेक खर्च होऊन गेलेला असतो आणि साखरेची पोती मात्र गोदामात थप्पी लावून उभी असतात. पुढच्या तिमाहीत चरक थांबलेले असतात. अशा कारखान्याच्या एका तिमाहीची तुलना तिच्या लगेच आधीच्या तिमाहीशी केली तर हातात काहीच लागत नाही. मागील बारा महिन्यांची बेरीज घेतली की जून असो वा नोव्हेंबर, तिच्यात प्रत्येक महिना एकदाच येतो आणि एका पूर्ण हंगामाएवढे दिवस आत राहतात. वर्ष संपायची वाट न पाहता दर महिन्याला एक ताजे, पूर्ण वर्ष मिळते. सरकत्या कालखंडाचा हा खरा उपयोग, आणि तो मोठा आहे.

कायद्याने प्रसिद्ध करायला लावलेली सरकती सरासरी पहिल्यांदा ठळकपणे दिसते ती लंडनमध्ये. बँक ऑफ इंग्लंड आपल्या तिजोरीत किती सोने आहे आणि किती नोटा बाहेर आहेत हे गुप्त ठेवत असे. १८३२ साली बँकेच्या सनदेचे नूतनीकरण संसदेच्या समितीपुढे आले तेव्हा ही गुप्तता हा वादाचा एक मोठा मुद्दा झाला. आकडे उघड केले तर सोन्याला ओहोटी लागताच घबराट पसरेल, ही एक बाजू; आकडेच दिसले नाहीत तर बँकेच्या कारभारावर लोकांनी विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा, ही दुसरी. १८३३च्या बँक चार्टर कायद्याने मधला मार्ग काढला. बँकेने दर आठवड्याचा हिशेब अर्थमंत्र्याला पाठवायचा, आणि लोकांसाठी दर महिन्याला मागील तीन महिन्यांची सरासरी ‘लंडन गॅझेट’मध्ये छापायची.

या मधल्या मार्गाने काय होत होते ते गोल आकडे घेऊन पाहता येईल. तिजोरीत लागोपाठ तीन महिने ९०, ८० आणि ७० लाख पौंडांचे सोने आहे असे धरू. छापली जाणारी सरासरी ८०. चौथ्या महिन्यात सोने ६० वर आले. आता ९० बाहेर पडले, ६० आत आले, सरासरी ७० झाली. तिजोरीत ६० आणि कागदावर ७०. पाचव्या महिन्यात ओहोटी थांबून सोने ६५ झाले, म्हणजे स्थिती सुधारली. पण ८० बाहेर पडल्यामुळे सरासरी ७० वरून ६५ वर घसरली. गॅझेट वाचणाऱ्याला ओहोटी चालूच आहे असे वाटले. घसरण लपवणारी पद्धत सुधारणाही लपवते, आणि दोन्ही वेळा कारण एकच: छापील आकडा आज काय झाले यावर जितका अवलंबून, तितकाच तीन महिन्यांपूर्वी काय झाले होते यावरही. शिवाय ही गुप्तता फार भक्कम नव्हती. सरासरीतला फरक तिप्पट केला की आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या महिन्यांतला फरक मिळतो. जुने खरे आकडे कोणाला ठाऊक असतील तर पुढचे एकामागून एक उलगडत जातात.

१८३९ साली या पद्धतीची कसोटी लागली. वर्षाच्या सुरुवातीला बँकेकडे सुमारे ९० लाख पौंडांचे सोने-चांदी होते. ते सतत घटत गेले आणि शरद ऋतूपर्यंत सुमारे २५ लाखांवर आले. बेअरिंग कंपनीमार्फत पॅरिसकडून २० लाख पौंडांचे कर्ज उभारण्याची पाळी बँकेवर आली. त्या सगळ्या काळात तीन महिन्यांची सरासरी खऱ्या साठ्यापेक्षा वरचा आकडा दाखवत राहिली, कारण घसरत्या रांगेची सरासरी शेवटच्या आकड्याच्या वरच असते. पंतप्रधान रॉबर्ट पीलच्या १८४४च्या कायद्याने ही सरासरी गेली. नोटा काढणारा विभाग आणि बँकिंग विभाग वेगळे झाले आणि दोघांचा हिशेब दर आठवड्याला जसाच्या तसा गॅझेटमध्ये येऊ लागला. नव्वद वर्षांनी रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाचा १९३४चा कायदा झाला तेव्हा त्यातही हेच दोन विभाग आणि त्यांचा साप्ताहिक हिशेब ठेवण्यात आला. मध्यवर्ती बँकेच्या शिलकीसारख्या गोष्टीला सरासरी नको, त्या दिवशीचा आकडा हवा, हा धडा १८३९ने दिला आणि तो टिकला.

सरासरीचा दुसरा प्रवास संख्याशास्त्रज्ञांच्या हातून झाला. जॉन हेन्री पॉयंटिंग या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने १८८४ साली गव्हाचे भाव आणि कापूस-रेशमाची आयात यांतले चढउतार ताडून पाहण्यासाठी अनेक वर्षांच्या सरकत्या सरासऱ्या घेतल्या. रेजिनाल्ड हूकरने १९०१ साली इंग्लंडमधल्या विवाहांचे प्रमाण आणि व्यापार यांचा संबंध शोधताना नऊ वर्षांची सरासरी वापरली. या मंडळींची सरासरी मधल्या वर्षासमोर मांडलेली असे, म्हणजे चार वर्षे आधीची, चार वर्षे नंतरची आणि मधले एक. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला पुढची चार वर्षे उपलब्ध असतात, म्हणून त्याला हे जमते. व्यापाऱ्याला किंवा हिशेबनीसाला ती सवड नसते. तो तीच सरासरी शेवटच्या महिन्यासमोर लिहितो, आणि म्हणून त्याचे चित्र नेहमी मागे राहते: बारा महिन्यांच्या सरासरीचा मध्य शेवटच्या महिन्याच्या साडेपाच महिने मागे असतो. आर्थिक अहवालात ही गोष्ट फार क्वचित सांगितली जाते, आणि ती सांगायला हवी.

सर्वांत खोल इशारा मॉस्कोतून आला. संख्याशास्त्रज्ञ येवगेनी स्लुत्स्की तिथल्या अर्थशास्त्रज्ञ कोंद्रात्येवच्या संस्थेत काम करत होता. १९२७ साली त्याने सरकारी कर्जरोख्यांच्या सोडतीतले आकडे घेतले, ज्यांत कोणताही क्रम असण्याचे कारण नाही, आणि त्यांच्या दहा-दहा आकड्यांच्या सरकत्या बेरजा काढल्या. त्या बेरजांचा आलेख एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या तेजी-मंदीच्या आलेखाशी विलक्षण जुळला. कच्च्या आकड्यांत कोणतीही लाट नव्हती. बेरीज सरकवण्याच्या क्रियेनेच ती निर्माण केली. कारण उघड आहे. शेजारशेजारच्या दोन बेरजांत दहापैकी नऊ आकडे समान असतात, त्यामुळे त्या एकमेकींना धरूनच चालतात. हा निबंध १९३७ साली ‘इकॉनोमेट्रिका’त इंग्रजीत आला आणि जगभर वाचला गेला. डॅशबोर्डवरची बारा महिन्यांची रेघ डौलाने वर चढताना पाहून मोठे निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाने स्लुत्स्कीचा प्रयोग एकदा आपल्याच आकड्यांवर करून पाहावा.

भारतात सरकत्या सरासरीचा शिरकाव मुख्यतः महागाईच्या मोजमापातून झाला. घाऊक किंमत निर्देशांक २००९पर्यंत दर आठवड्याला निघत असे, आणि महागाईचे दोन दर शेजारीशेजारी दिले जात: एक गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी तुलना करून, दुसरा ५२ आठवड्यांच्या सरासरीवरून. पहिला चटकन हलतो, दुसरा सावकाश. महागाई उतरू लागली की पहिला आकडा आधी खाली येई आणि दुसरा कित्येक महिने वरच राही. दोन्ही खरेच असत. त्यांच्यामागच्या तारखा तेवढ्या वेगळ्या.

पण बारा महिन्यांची सरासरी घराघरात पोचली ती महागाई भत्त्यामुळे. चौथ्या वेतन आयोगापासून, म्हणजे १९८६पासून, केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा भत्ता वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैला, औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या मागील बारा महिन्यांच्या सरासरीवर ठरू लागला. राज्य सरकारेही साधारण त्याच मार्गाने जातात, त्यामुळे महाराष्ट्रातल्या शिक्षकापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांच्या पगारपत्रकात ही सरासरी बसली आहे. सातव्या वेतन आयोगासाठी पायाचा आकडा २६१.४२ आहे, २०१५च्या बारा महिन्यांची ती सरासरी. चालू सरासरी या आकड्यापेक्षा जितके टक्के जास्त, तितके टक्के भत्ता, अपूर्णांक सोडून. २०२०मध्ये निर्देशांकाची नवी मालिका सुरू झाली (पायाभूत वर्ष २०१६) आणि तिचे आकडे २.८८ने गुणून जुन्या मापात आणायचे ठरले.

भत्ता १ टक्क्याने वाढायला सरासरी जुन्या मापात २.६१ अंकांनी वाढावी लागते. म्हणजे बारा महिन्यांची बेरीज साधारण ३१.४ अंकांनी, आणि नव्या मालिकेत सुमारे १०.९ अंकांनी वाढावी लागते. दर सहा महिन्यांनी सहा महिने आत येतात, सहा बाहेर पडतात. वाढ किती होणार हे आत आलेल्या सहांची बेरीज वजा बाहेर गेलेल्या सहांची बेरीज एवढ्यावर ठरते. जुलै २०२३मध्ये टोमॅटो भडकला आणि निर्देशांकाने उडी घेतली. तो महिना जानेवारी २०२४च्या हप्त्यात मोजला गेला, कारण त्याची खिडकी, म्हणजे मोजणीचा कालखंड, जानेवारी ते डिसेंबर २०२३ होती. तोच महिना जुलै २०२४च्या हप्त्यातही मोजला गेला, कारण ती खिडकी जुलै २०२३ ते जून २०२४ होती. जानेवारी २०२५च्या हप्त्यात तो बाहेर पडला. भत्ता त्या वेळी ५३वरून ५५ टक्के झाला, म्हणजे फक्त २ टक्क्यांची वाढ. बाजारात भाव चढेच असताना वाढ इतकी कमी का, असा प्रश्न तेव्हा कर्मचाऱ्यांना पडला असेल तर त्याचे निम्मे उत्तर बाहेर पडलेल्या महिन्यांत होते: ते आधीच चढे होते. महागाई भत्त्याचा अंदाज बांधणारे जाणकार कर्मचारी म्हणूनच येणाऱ्या निर्देशांकाइतकेच जाणाऱ्या निर्देशांकावरही लक्ष ठेवतात.

शेअर बाजारात हाच कालखंड शेवटच्या चार तिमाह्यांच्या रूपाने आला. कंपनीचे वार्षिक निकाल वर्षातून एकदा येतात, तिमाही निकाल चारदा. मधल्या काळात ताजे वर्ष हवे असेल तर हिशेब सोपा असतो: मागचे पूर्ण वर्ष, अधिक चालू वर्षाचे झालेले महिने, वजा मागच्या वर्षाचे तेवढेच महिने. गेल्या वर्षीचा नफा १२० कोटी, या वर्षीच्या पहिल्या सहामाहीचा ७० आणि गेल्या वर्षीच्या पहिल्या सहामाहीचा ५५ कोटी असेल, तर मागील बारा महिन्यांचा नफा १३५ कोटी. बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४च्या ‘सिक्युरिटी अॅनालिसिस’ या ग्रंथात एका वर्षाच्या नफ्यावर विसंबू नये, निदान पाच आणि शक्यतो सात ते दहा वर्षांची सरासरी घ्यावी असे बजावले होते. त्यांचे म्हणणे किती योग्य होते ते २००९मध्ये दिसले. अमेरिकेतल्या एस अँड पी ५०० निर्देशांकातल्या कंपन्यांनी २००८च्या शेवटच्या तिमाहीत मिळून तोटा दाखवला. ती तिमाही चारांच्या खिडकीत होती तोवर किंमत आणि नफा यांचे गुणोत्तर १००च्या वर गेले, म्हणजे कोसळलेला बाजार कागदावर कमालीचा महाग दिसू लागला. ती तिमाही बाहेर पडताच गुणोत्तर खाली आले. जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९८८पासून दहा वर्षांच्या सरासरी नफ्यावर आधारलेले गुणोत्तर मांडले, त्यामागे अशा एका तिमाहीने चित्र बिघडू नये हाच विचार आहे.

सरकता कालखंड पुढच्या दिशेनेही चालवता येतो. अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्दाल यांनी सुचवलेली सरकती पंचवार्षिक योजना जनता सरकारने १९७८ साली, डी. टी. लकडावाला नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष असताना स्वीकारली. १९८०मध्ये सरकार बदलले आणि ती मागे पडली. स्वीडनच्या हांडेल्सबांकेन या बँकेने १९७०च्या दशकात वार्षिक अंदाजपत्रकच बंद केले. पुढे अनेक कंपन्या दर तिमाहीला पुढच्या पाच-सहा तिमाह्यांचा अंदाज नव्याने काढू लागल्या. इथे अडचण उलटी असते: शेवटची तारीख कधी येतच नाही, त्यामुळे ठरवले होते काय आणि झाले काय याची गाठ पडत नाही.

कागदी वह्यांच्या काळात बारा महिन्यांची सरकती बेरीज ठेवणे म्हणजे दर महिन्याला एक बेरीज आणि एक वजाबाकी. कारकुनाने एखाद्या महिन्यात चूक केली तर ती पुढच्या प्रत्येक ओळीत उतरे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या व्हिजीकॅल्क या स्प्रेडशीटने १९७९ साली हे कष्ट संपवले. तारखेचा प्रश्न मात्र लोटस १-२-३ या स्प्रेडशीटने १९८३ साली आपल्या पद्धतीने सोडवला. त्यात प्रत्येक तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेला एक आकडा. तारीख हा आकडा झाला की तिच्यातून ३० वजा करता येतात, दोन तारखांची तुलना करता येते, आणि कालखंडाची सुरुवात सूत्राने काढता येते. आजच्या सगळ्या सरकत्या अहवालांचा पाया इथे आहे. लोटसने १९०० हे लीप वर्ष धरले, जे ते नव्हते. एक्सेलने लोटसच्या फायली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून ती चूक उचलली, आणि एक्सेलमध्ये ६० हा आकडा आजही २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उगवलेली तारीख दाखवतो. मॅकसाठीच्या एक्सेलने १९०४पासून मोजायला सुरुवात केली होती. १९००वाल्या फाइलमधली तारीख १९०४वाल्या फाइलमध्ये नुसत्या आकड्याच्या रूपात गेली तर चार वर्षे आणि एक दिवस सरकते.

सूत्राने कालखंड काढणे सोपे आहे, पण वर्ष म्हणजे किती दिवस हे सूत्राला कळत नाही. शेवटच्या तारखेतून ३६५ वजा करून तिथपासून बेरीज घेणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. एक्सेलमध्ये ३१ मार्च २०२३ म्हणजे ४५०१६. त्यातून ३६५ गेले की ३१ मार्च २०२२ येते. दोन्ही तारखा बेरजेत धरल्या तर दिवस ३६६ होतात आणि ३१ मार्च दोनदा येतो. भारतात ३१ मार्च हा साधा दिवस नाही. सरकारी निधी संपवण्यासाठी निघणारी बिले, वर्षाचे उद्दिष्ट गाठण्यासाठी केलेली विक्री, डीलरांचे वर्षअखेरचे सवलतीचे हिशेब, सगळे त्या दिवशी नोंदले जाते. एका दिवसाच्या चुकीने वर्षाच्या आकड्यात दोन वर्षअखेरी शिरतात. पुढच्या वर्षी हीच फाइल बरोबर उत्तर देते, कारण २९ फेब्रुवारी २०२४ मध्ये आल्यामुळे ३१ मार्च २०२४ मधून ३६५ वजा केले की नेमका १ एप्रिल २०२३ येतो. एका वर्षी चुकणारे आणि दुसऱ्या वर्षी जुळणारे सूत्र शोधून काढणे फार अवघड असते.

महिने मागे नेणारे ईडेट हे फंक्शनही महिनाअखेरीला घसरते. ३१ मार्च २०२४ वरून एक महिना मागे गेले की २९ फेब्रुवारी. त्या तारखेवरून आणखी एक महिना मागे गेले की २९ जानेवारी, ३१ नव्हे. दोन दिवसांचा व्यवहार गळतो. यावर हिशेबनीसांनी पक्की केलेली रीत ईओमंथ या फंक्शनवर उभी आहे. ते महिन्याचा शेवटचा दिवस देते, म्हणून शेवटच्या तारखेवरून बारा महिने मागची महिनाअखेर काढायची आणि तिच्यात १ मिळवायचा. ३१ मार्च २०२४ वरून ३१ मार्च २०२३ मिळते, अधिक १ म्हणजे १ एप्रिल २०२३. लीप वर्ष असो वा नसो, उत्तर चुकत नाही. ही दोन्ही फंक्शने २००७पर्यंत एका वेगळ्या पुरवणीत होती. ती पुरवणी चालू नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की आकड्यांच्या जागी चुकीचा संदेश दिसे. एक्सेल २००७मध्ये ती मूळ प्रणालीत आली, त्याच आवृत्तीत अनेक अटींवर बेरीज करणारे सम-इफ्स आले, आणि आज प्रचलित असलेला सरकता तक्ता तिथून घडला. भारतातल्या छोट्या पेढ्यांत हेच काम टॅलीने बोटावर आणले: अल्ट आणि एफ२ दाबून कोणताही अहवाल हव्या त्या कालावधीचा पाहता येतो.

मोठ्या डेटाबेसमध्ये सरकती खिडकी १९९०च्या दशकाच्या शेवटी आली आणि एसक्यूएलच्या २००३च्या प्रमाणकात पक्की झाली. ‘आधीच्या अकरा ओळी आणि ही ओळ’ अशी बेरीज एका वाक्यात सांगता येऊ लागली. पण ओळ म्हणजे महिना नव्हे. एखाद्या शाखेत एका महिन्यात एकही विक्री झाली नसेल तर त्या महिन्याची ओळच नसते, आणि बारा ओळी तेरा महिन्यांपर्यंत मागे जातात. त्यामुळे जाणते लोक आधी प्रत्येक दिवसाची ओळ असलेला तारखांचा तक्ता बनवतात आणि विक्री त्याला जोडतात. २०१०मध्ये एक्सेलला जोडून आलेल्या पॉवरपिव्हटने आणि २०१५पासून पॉवर बीआय या डॅशबोर्ड-प्रणालीने या तक्त्याची अट जवळजवळ सक्तीची केली, आणि ते योग्यच झाले.

डॅशबोर्डवर आता ‘मागील १२ महिने’ हा एक पर्याय निवडला की झाले, पण त्या पर्यायाचे दोन अर्थ होतात. आज १५ तारीख असेल तर एका अर्थाने खिडकी गेल्या वर्षीच्या १६ तारखेपासून आजपर्यंत. दुसऱ्या अर्थाने शेवटचे बारा पूर्ण महिने, चालू महिना वगळून. पहिल्या प्रकारात महिन्यांचे स्तंभ काढले तर दोन्ही टोकांना अर्धवट महिने येतात आणि शेवटचा स्तंभ नेहमी बुटका दिसतो. विक्री कोसळली असे वाटून बैठका बोलावल्या जातात त्या अनेकदा या बुटक्या स्तंभामुळे. मासिक अहवालासाठी पूर्ण महिन्यांचाच अर्थ घ्यावा.

पूर्ण महिने घेतले तरी एक गोष्ट सुटते, आणि सराफ, कापड, मिठाई, वाहनविक्री यांच्या बाबतीत ती फार मोठी आहे. लक्ष्मीपूजन २०२२ साली २४ ऑक्टोबरला होते आणि २०२३ साली, अधिक श्रावणामुळे, १२ नोव्हेंबरला. नोव्हेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ या बारा पूर्ण महिन्यांच्या खिडकीत एकही लक्ष्मीपूजन नाही. एक महिना आधीच्या आणि एक महिना नंतरच्या खिडकीत ते आहे. अशा डॅशबोर्डवर ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस धंदा खचलेला दिसतो आणि नोव्हेंबरमध्ये झपाट्याने सावरलेला, आणि दोन्ही चित्रे निव्वळ पंचांगामुळे पडलेली असतात. कार्तिक प्रतिपदेला उघडणाऱ्या जुन्या वहीत असे होत नसे. तिचे वर्ष कधी बारा महिन्यांचे तर अधिक मासाच्या वर्षी तेराचे असे, पण त्यात दिवाळी नेमकी एकदाच येई. आजच्या तारखांच्या तक्त्यात सणांचा एक स्तंभ घालून ‘मागच्या दिवाळीनंतरचे दिवस’ असा कालखंड काढता येतो, आणि ज्या धंद्याची वर्षभराची कमाई दिवाळीच्या आसपास होते त्याच्या अहवालात तो असायलाच हवा.

‘आज’ हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. पॉवर बीआयच्या सापेक्ष तारखांच्या गाळणीत ‘आज’ जागतिक प्रमाणवेळेनुसार धरला जातो. भारत तिच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत इथला अहवाल कालचीच तारीख आज म्हणून घेतो, आणि १ तारखेच्या पहाटे तयार होणाऱ्या मासिक अहवालात नुकताच संपलेला महिना येत नाही. एक्सेलमधल्या टुडे फंक्शनची तऱ्हा निराळी: फाइल जेव्हा उघडाल तेव्हाची तारीख ते घेते, म्हणून गेल्या महिन्यात संचालकांपुढे ठेवलेला तक्ता आज उघडला तर वेगळे आकडे दाखवतो आणि कागदावरच्या प्रतीशी त्याचा मेळ बसत नाही. लेखापरीक्षकाला असा तक्ता चालत नाही. म्हणून चांगल्या कार्यालयांत सरकत्या अहवालाच्या माथ्यावर एक वेगळी चौकट असते. तिच्यात अहवालाची तारीख हाताने भरली जाते, सगळी सूत्रे त्या एका चौकटीकडे पाहतात, आणि अहवालाखाली खिडकीची पहिली आणि शेवटची तारीख छापली जाते. महिना बंद झाला की त्या दिवसाची प्रत आकड्यांच्या रूपात, सूत्रे काढून, वेगळी जपून ठेवतात.